न दिसणारी खूण

आमच्या टीममध्ये तिला सगळे आत्या म्हणतात. वयामुळे नाही, कान उपटते म्हणून. फक्त एकजण तिला ‘मॅडम’ म्हणतो, तो तिचा जावई. आणि ती त्याला ‘जावईबापू’! सासू-जावई एकाच टीममध्ये म्हटल्यावर आम्ही भांडणाची वाट बघत होतो, पण दोघं नुसती अवघडून वागायची.

आत्याचा एकच हट्ट. प्रत्येक ओळीच्या शेवटी संगणक एक न दिसणारी खूण ठेवतो. विंडोजची वेगळी, सर्व्हरची वेगळी. सामायिक कोडात सगळ्यांची एकच हवी आणि तसा नियम एका फाइलीत घालून ठेवा, असं ती कधीची सांगत होती. आम्ही हसण्यावारी नेलं.

त्या दुपारी हॉस्पिटलच्या एका वॉर्डातल्या ऑक्सिजन-अलार्मच्या कोडाची दुरुस्ती बसवायची होती. जुना अलार्म ऊठसूट खोटाच वाजायचा. आत्याची मुलगी, म्हणजे जावयाची बायको, त्याच वॉर्डात नर्स. “आई, बसवताय ना? डोकं उठलंय आमचं,” असा तिचा फोनही येऊन गेला. दुरुस्ती केली होती जावयानं, आणि त्याची नोकरी अजून पक्की व्हायची होती.

तपासायला आत्यानं फाइल उघडली तर पडदाभर लाल-हिरवं, जुनी ओळ लाल आणि नवी हिरवी. प्रत्येक ओळ बदललेली!

“बदल एकाच ओळीत आहे, मॅडम,” जावई म्हणाला. “बाकी नुसत्या खुणा. माझा लॅपटॉप विंडोजचा आहे ना.”

“द्या की पास करून,” साहेब म्हणाले. “हॉस्पिटल खोळंबलंय.”

“वाचल्याशिवाय नाही.”

“घरच्या माणसावर विश्वास नाही?”

तिला ते लागलं. मला साहेबांचा संताप आला, आणि खरं सांगायचं तर तिचाही. जावयाकडे बघवत नव्हतं. ती मात्र खाली मान घालून सगळ्या खुणा मूळच्यासारख्या करत बसली. मग जुन्या-नव्या फाइलींची पुन्हा तुलना लावली. लाल-हिरवं गेलं आणि दोनच ओळी उरल्या.

एक त्यानं सांगितलेली. दुसरी अलार्मचा आवाज बंद करणारी.

जावई पांढराफटक पडला. चाचणी घेताना शेजारच्यांना त्रास नको म्हणून त्यानं आवाज बंद केला होता, आणि साफ विसरला होता.

“ती ओळ काढा, जावईबापू,” आत्या म्हणाली. “आणि नियमाची फाइलही तुम्हीच घाला.”

दुरुस्ती बसवून झाल्यावर संध्याकाळी आम्ही आवरत होतो तेव्हा मुलीचा फोन आला, आत्यानं तो स्पीकरवर घेतला. “आई, मघाशी वाजला, खरा! एका आजोबांची नळी निघाली होती, आम्ही वेळेत पोचलो. यांना सांग, छान काम केलंत.”

“सांगते,” म्हणून आत्या फोन ठेवणार, तोच जावयानं हात पुढे केला.

“अगं, आवाज मी बंद करून ठेवला होता,” तो आम्हा सगळ्यांदेखत फोनवर म्हणाला. “आईंनी पकडलं.”