तेविसावं समीकरण

केशव भोयर मैत्रेयीला पाहायला गेला तेव्हा ती चौतीस वर्षांची होती आणि तो अडतीसचा. दोन्ही घरांनी जवळपास आशा सोडूनच ही भेट ठरवली होती. चहा झाल्यावर दोघांना बोलायला मागच्या अंगणात बसवलं. केशवनं आपलं सांगितलं. वर्ध्याला भूमी अभिलेख कार्यालयात नक्कल विभागात होता तो. जुन्या नोंदीची नक्कल काढायची आणि मूळ कागदाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहायची, हे त्याचं काम.

"अन् तुम्ही?"

"सेलूच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते. पण माहं खरं काम सकाळी पाच ते सात चालते. गणित करते मी. त्या वेळात कोणी बोललेलं मले चालत नाई. हे आधीच सांगून देते."

"मंग दूध कोण तापवते?"

"मी तर नाई."

"मी तापवीन," केशव म्हणाला. लग्न ठरलं ते तिथंच. घरातल्या मोठ्यांना फक्त कळवायचं राहिलं.

मैत्रेयी सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ होती. वडील वर्ध्यात शाळामास्तर. तिनं पुण्यात पीएच.डी. केली, मग तीन वर्षं जर्मनीत काढली. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा एका बॅगेनिशी महिन्याभरासाठी म्हणून ती सावंगीच्या दवाखान्यात येऊन पोचली. वडील दोन वर्षं जगले. त्यांची वाचा गेली होती, आणि त्यांच्या घशातल्या आवाजांचा अर्थ तिच्याशिवाय कुणाला लागत नसे. ते गेले तोवर बाहेरच्या जागा भरून गेल्या होत्या. बरोबरची मंडळी मोठ्या संस्थांमध्ये प्राध्यापक झाली आणि ती सेलूच्या एस.टी.त बसून उत्तरपत्रिका तपासू लागली. पण तिच्या विषयाला प्रयोगशाळा लागत नव्हती. कागद, पेन आणि सलग दोन तास मिळाले की काम होई, आणि ते दोन तास केशवनं आठ वर्षं राखले. कुकरची शिट्टी सातच्या आधी वाजू दिली नाही. सासूबाई, वच्छलाबाई, येणाऱ्याजाणाऱ्याला हळू आवाजात सांगत, "सून ताऱ्यांचं काही तरी करून राह्यली. हळू बोलजो."

दोन जड तारे एकमेकांभोवती फिरू लागले की अवकाशातच लहरी उठतात. त्या लांबवर जाताना वाटेत किती बदलतात, ते मैत्रेयी कागदावर मांडत होती. सहा वर्षांनी उत्तर हाती आलं. आजवर कुणी हिशेबात धरला नव्हता असा एक बारीकसा बदल शिल्लक राहत होता. तिनं लेख पाठवला, दीड वर्षानं तो स्वीकारला गेला, आणि त्यावर बोलायला बंगळुरूच्या परिषदेचं बोलावणंही आलं. केशवनं तिकिटं काढली. दोघांची.

त्याच पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली. मैत्रेयीचेही डोळे आले, लालभडक, सकाळी पापण्या चिकटलेल्या. नेमकी तेव्हाच लेखाची छापण्याआधीची मुद्रितं आली. दोन दिवसांत तपासून परत पाठवायची होती.

"तुम्ही वाचता का?" तिनं विचारलं. "अर्थ कळायची गरज नाई. फक्त चिन्हं बोलत जा."

केशवचं तर आयुष्यच यात गेलेलं. रविवारी सकाळी तो कागद घेऊन बसला. ती समोर काळा चष्मा लावून, मान मागे टेकून ऐकत होती. अल्फा, बीटा, वरचं, खालचं, कंस पूर्ण. तेविसाव्या समीकरणाशी तो थांबला.

"मागच्या पानावर याच चिन्हांच्या आधी वजा होतं. इथं अधिक आहे."

"छापणाऱ्याची चूक असन. माह्या वहीत पाहा."

त्यानं वही उघडली. वहीतही अधिकच होतं. त्यानं तसं सांगितलं. वही ओढून तिनं नाकाशी धरली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते साथीचं की कशाचं, केशवला कळेना. पंधरा-वीस मिनिटांनी तिनं वही मिटली.

"बरोबर आहे तुमचं. वजाच पाहिजे. मंग इथली दोन पदं एकमेकांले मारून टाकतात. शिल्लक काहीच राहत नाई."

त्याच दुपारी तिनं लेख मागे घेतल्याचं पत्र केशवकडून लिहवून घेतलं. परिषदेलाही कळवलं. त्यांचं सौजन्याचं उत्तर आलं आणि तिची वेळ दुसऱ्या कुणाला दिली गेली.

पुढचे दोन महिने मैत्रेयी सकाळी सातपर्यंत झोपून राहिली. दूध आता केव्हाही तापत होतं. केशव मनात कुढत राही. कचेरीत तो नकला ताडायला बसला की त्याला तेच पान दिसे. एकदा भाजी निवडता निवडता तो म्हणालाच, "मी ते वाचून पुढं निघून गेलो असतो तर बरं झालं असतं."

मेथीची काडी हातात धरून मैत्रेयी थांबली. "अन् मी बंगळूरला शंभर लोकांपुढं खोटं बोलून आली असती. तुमाले ते बरं वाटलं असतं?"

"नाई."

"मंग असं बोलू नका." आणि थोड्या वेळानं, त्याच्याकडे न पाहता, "मी तुमच्यावर रागावली नाई. मले माह्यावरच विश्वास राह्यला नाई."

केशव तिच्याजवळ सरकून बसला आणि दोघांनी सगळी जुडी निवडून संपवली.

दिवाळीनंतरच्या एका पहाटे त्याला दिव्याच्या उजेडानं जाग आली. मैत्रेयी टेबलाशी बसली होती. तो पाय न वाजवता निघून चालला, तर तिनंच हाक मारली. "अहो, हे शून्य इतकं नेमकं काऊन येते? नुसत्या योगायोगानं येत नाई असं."

आठ वर्षांत त्या वेळात ती पहिल्यांदा बोलली होती. केशव स्टुलावर बसला. तिनं जे सांगितलं त्यातलं त्याला चार आणे समजलं. पण तिचा आवाज पुन्हा ताठ झाला होता, तो त्यानं बरोबर ओळखला.

सव्वा वर्ष लागलं. ती दोन पदं एकमेकांना का मारतात, आणि कुठल्याही दोन ताऱ्यांच्या बाबतीत मारणारच, हे तिनं सिद्ध केलं. नवा लेख पहिल्यापेक्षा निम्म्यानं लहान होता. बाहेरदेशीच्या एका संशोधकानं लिहिलं, तुमच्यामुळे आमची सहा महिन्यांची आकडेमोड वाचली. लेखाच्या शेवटी एक ओळ होती, आधीच्या मांडणीतली चिन्हाची चूक दाखवल्याबद्दल केशव भोयर यांचे आभार. केशवनं ती ओळ दोनदा वाचली आणि चष्मा पुसला.

वच्छलाबाईंनी विचारलं, "सूनबाई, एवढ्या वर्षांनी निघालं तरी काय?"

"शून्य निघालं, आई."

"अन् त्याच्यासाठी एवढे दिवस?"

"शून्यच आहे हे पक्कं करायले लागले," मैत्रेयी म्हणाली आणि हसली. वच्छलाबाईंना ते पटलेलं दिसलं. त्या देवघराकडे गेल्या, आणि केशव कचेरीचा डबा भरायला लागला.