रोज उकलायचं कापड

पार्कच्या एका टोकाला पाण्याच्या घसरगुंड्या, दुसऱ्या टोकाला गरगरा फिरणारे पाळणे आणि मध्ये, दोन्हीकडच्या किंकाळ्या नीट ऐकू याव्यात अशा बेतानं, ‘जुन्या काळचं गाव’. गाव कसलं, प्लायवूडच्या सहा झोपड्या! तिथला कुंभार आधी फ्रिज दुरुस्त करायचा, लोहार कुठल्याशा दुकानावर रखवालदार होता. तिसऱ्या झोपडीत मागावर बसणारे विणकरबाबा मात्र अस्सल. चाळीस वर्षं घरच्या मागावर विणलेलं. हातमागाच्या कापडाला गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा नाइलाजानं इथे आले.

शाळांच्या सहली यायच्या त्या म्हणे संस्कृतीचा अभ्यास करायला. पोरांचा सगळा जीव घसरगुंडीत आणि हातात प्रश्नांचा कागद. जाताना तो गेटवर सुपरवायझरकडे द्यायचा, म्हणून संस्कृती धावतपळत उरकायची. “आजोबा, एका कापडाला किती दिवस लागतात?” “आठ दिवस.” लिहिलं, की पळाली! त्यातल्या एखाद्याला बाबा आडवा धागा नेणारा धोटा फेकू द्यायचे आणि म्हणायचे, “तुझा धागा आता या कापडात कायमचा राहिला बरं का, बाळा!”

हे वाक्य सुपरवायझरनं लिहून दिलेलं. आणि साफ खोटं. पार्कला कापड नको होतं, विणणारा म्हातारा हवा होता. मागावर खडूची एक खूण होती. पाच वाजता गाव बंद झालं, की दिवसभराचं विणलेलं त्या खुणेपर्यंत उकलायचं आणि सूत पुन्हा कांड्यांवर गुंडाळायचं. उद्या परत तेच. तीन वर्षांत वीतभर कापड मागावरून उतरलं नव्हतं. विणून बाबा कधी दमले नव्हते हो. पण हे उकलणं त्यांना खाऊन टाकायचं. खांदे भरून यायचे, बोटं आखडायची, घरी गेल्यावर बायकोशी दोन शब्द बोलायचंही त्राण उरायचं नाही. तिचे गुडघे गेलेले, दुसरं कमावणारं कुणी नाही. सुपरवायझरनं तर बजावूनच ठेवलं होतं, “पाहुण्यांनी उकलताना पाहिलं, तर दुसऱ्या दिवशी येऊ नका.” मग काय, दार लोटून गुपचूप उकलायचं.

त्या दिवशी सहा शाळा येऊन गेल्या. बाबांची पाठ नुसती ठणकत होती. कडी लावायचं राहूनच गेलं. अर्धंअधिक उकलून झालं असेल, तेवढ्यात दार करकरलं आणि एक चष्मेवाली मुलगी आत आली.

“माझी पाण्याची बाटली राहिली इथे,” ती म्हणाली आणि थबकली. सकाळी हिनंच धोटा फेकला होता, लाल धाग्याचा. तो धागा आता बाबांच्या हातात लोंबत होता.



“आजोबा, माझा धागा काढलात?” तिचा चेहरा एवढासा झाला. “चुकलं होतं का माझं?”

हो म्हटलं असतं, तर सुटले असते. पोर हिरमुसून गेली असती आणि नोकरी राहिली असती. ‘हो’ जिभेवर आलाही होता मेला! पण चाळीस वर्षांत नीट गेलेल्या धाग्याला त्यांनी कधी वाईट म्हटलं नव्हतं.

“नाही गं. अगदी सरळ गेला होता. माझा पहिला धागा याच्यापेक्षा वाकडा होता.”

“मग?”

“इथे रोज सगळंच काढतात. माझंही.”

“मग कापड कधी होतं?”

“होतच नाही.”

मुलीनं कागद उघडला. “मी तर आठ दिवस लिहिलंय. खोडू?”

कागद जाणार होता गेटवर, सुपरवायझरच्या हातात. बाबांना बायकोची आठवण झाली, तिच्या औषधांची झाली. ‘राहू दे’ म्हणायला काय जात होतं? पण त्यांना आता खोटं बोलायचाही कंटाळा आला होता.

“खोड,” ते म्हणाले.

ती तिथेच जमिनीवर फतकल मारून बसली. खोडरबरानं घासून घासून खोडलं, लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, “हे कापड कधीच होत नाही. आजोबांना येतं, पण होऊ देत नाहीत.” मग विचारलं, “बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे.”

बाहेरून तिच्या बाईंची हाक आली. बाटली काखेत मारून ती पळाली.

 बाबांनी लाल कांडी धोट्यात घातली आणि पहिला धागा टाकला. दुसरा टाकला. हात जड झाले होते, तरी चालत होते.

सुपरवायझर तो कागद हातात घेऊन तणतणत आला आणि दारातच थांबला. “पाच कधीच वाजून गेले, बाबा! हे काय चाललंय?”

बाबांनी मान वर केली नाही.

“विणतोय,” ते म्हणाले.