आणखी कोण?

बीडच्या अदालतीतले नरहरराव वकील कुणाला नाव विचारत नसत. ओट्याच्या पायरीवर माणूस दिसला, की पानाची पिचकारी टाकून ओरडत, "आनखी कोन?" दुखणं एकट्याचं असेल तर दावा एकट्याचा. पण एकाच माणसानं एकाच तऱ्हेनं साऱ्यांना नाडलं असेल, तर त्यांचं गणित निराळं. "शंभर जनांनी शंभर दावे केले तर म्हातारे होऊन मराल. एकानं हुबं ऱ्हायचं, साऱ्यांसाठी."

तलवाड्याकडच्या आमच्या गावात जहागीरदारानं नदीच्या डोहाची वाट काट्या लावून बंद केली. गुरं तहानेनं हंबरायची. आम्ही अख्खं गाव गाड्या जुंपून बीडला गेलो. माणसं जितकी जास्त तितका दावा भारी, अशी आमची समजूत. वकील खवळले.

"वऱ्हाड आनलं का बे? नवरी कुटं हाय?"

रिवाजाप्रमाणं पाटील पुढं झाले. गावाचं तोंड तेच.

"पाटील, तुमची जनावरं कुटं पानी पितात?"

"आमच्या मळ्यातल्या विहिरीवर."

"मग तुमाला कावून तहान लागली? बसा खाली. जो तहानलाय त्योच बोलंल."

पाटलांचा चेहरा काळाठिक्कर पडला. वकिलांचं बोट माझ्याकडं वळलं. माझी शाळा तिसरीतच सुटलेली, दारात एक म्हैस. मी पाटलांच्या मागं सरकलो. "ह्यो भितो. भिनारा मानूस जपून चालतो. ह्योच पायजे."

अदालतीच्या हुकमानं गावात दवंडी पिटली: हा माणूस सगळ्यांच्या वतीनं उभा आहे, निकाल सगळ्यांना लागू होईल, कुणाची हरकत असेल तर येऊन सांगावी. हरकत घ्यायला एकटे पाटील आले. मुन्सफांनी त्यांचं ऐकून घेतलं आणि मलाच ठेवलं.

तिथं वाट कधी नव्हतीच, असं जहागीरदाराचं म्हणणं. पण एका सकाळी त्याचा कारकून माझ्या दारात आला. "दावा सोड. तुझ्या म्हशीला वाट मोकळी." मी घाबरून बीड गाठलं. वकील अंगावरच आले.

"दावा तुझ्या बापाचा हाय का बे? तुझी म्हैस पेली आन गावाची गुरं मेली, तर तोंड कुटं लपवशील? चल, हेच मुन्सफासमोर बोल."

मुन्सफासमोर मी चाचरत सारं सांगितलं. वकील जहागीरदारातर्फे हजर असलेल्या त्या कारकुनाकडं वळले. "वाट नव्हतीच, तर म्हैस कशी नेनार व्हता? खांद्यावर घेऊन?"

निकाल गावाच्या बाजूनं लागला. महिन्याभरात काट्या निघाल्या, गुरं पाण्यात शिरली.

पाटलांनी मात्र तो अपमान गिळला नव्हता. त्यांनी मला वाळीत टाकलं. न्हावी येईना, लोहार फाळ शेवटून, धार काढून देईना. ज्यांची गुरं त्या डोहावर पाणी पीत होती, तेच मला पाहून मान फिरवू लागले. मी पुन्हा बीडला गेलो. म्हणालो, दावा करायचाय.

"आनखी कोन?"

मी मागं वळून पाहिलं. रस्ता मोकळाच होता.

"कोनी न्हाई, साहेब."

त्यांनी तोंडातलं पान थुंकून टाकलं. मग म्हणाले, "दावा जिंकशील, पन गाव तुला जगू देनार न्हाई. हैदराबादेत माझ्या वळखीची लाकडाची वखार हाय, तितं जा." त्याच वखारीचं मीठ मी आजवर खातोय. वकील वारल्याचंही इथंच कळलं, उशिरानं.

त्या दिवशी मी पाया पडून निघालो, तर त्यांनी हाताला धरून ओट्यावरून आत नेलं, ताट वाढायला सांगितलं, आणि समोर बसून विचारलं,

"नाव काय रे तुझं?"