नावं इंजिनाकडे

पुठ्ठेवाले चाचा गाडी बघायचे नाहीत, ऐकायचे. जळगावच्या जुन्या स्टँडमागे त्यांचं सायलेन्सर वेल्डिंगचं दुकान होतं आणि रस्त्याकडे पाठ करून बसायची त्यांची रीत होती. मागून जीप गेली की मान न वळवता म्हणत, "पहूरवाल्या आबांची. दोन नंबरचा बोल्ट ढिला शे." संध्याकाळी आबा बोल्ट आवळून घ्यायला हजर.

पुठ्ठेवाले हे नाव दुसऱ्या सवयीमुळे पडलं. मापाला ते पट्टी वापरत नसत. इंजिनाच्या तोंडावर जाड पुठ्ठा धरायचा, कडांवर छोट्या हातोडीने टकटक करायचं, की भोकं जशीच्या तशी कापून निघत. हा पुठ्ठा म्हणजे लग्नपत्रिका. निम्म्या जळगावच्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या, त्यामुळे पत्रिकांचा ढीग लागलेला असे. लग्नाला मात्र ते कुठेच जात नसत. चाची जाऊन बरीच वर्षं झाली होती. "एकटा माणूस पंगतीत बसला की शेजारचे दोघं त्याच्या डोक्यावरून गप्पा मारतात," म्हणायचे. मग रात्री स्टोव्हवर स्वतःपुरती खिचडी.

पुठ्ठ्याचा त्यांचा एकच नियम होता. "नावं इंजिनाकडे, भाऊ. इंजिनावर धरताना छापील बाजू आत. मग पाइपावर ठेवताना छापील बाजू वर. एक जरी चुकलं तरी डाव्याचं उजवं होतं."

मी तेव्हा बँकेत कारकून होतो आणि मनातून इंजिनिअर. फायबरची दोन माणसांची तयार बॉडी मागवून तिच्यात अपघातातल्या छोट्या मोटारीचं तीन सिलिंडरचं इंजिन बसवायचा उद्योग मी मांडला होता. मी तिला स्पोर्ट्स कार म्हणत असे, बायको बाथटब. इंजिनाचा धूर बाहेर नेणारा तीन फाट्यांचा पाइप, म्हणजे मॅनिफोल्ड, मी मुंबईच्या जुन्या बाजारातून आणला. विकणारा "एकदम फिट" म्हणाला आणि मी त्याला चहा पाजला. घरी येऊन बघतो तर बोल्टची भोकं जुळत होती, धुराची तोंडं मात्र करंगळीच्या नखाएवढी सरकलेली.

चाचांनी बोट आत घालून बघितलं. "दार आहे, पण दारातच भिंत. आधी पुठ्ठा काढू, मग भिंत घासू. उद्या."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. चाचा दुपारच्या नमाजला गेले आणि मला दम निघेना. वरच्या फळीवर एक सोनेरी काठाची, चांगली जाडजूड पत्रिका वेगळी ठेवलेली दिसली. इतकी छान पत्रिका, नावांना कशाला तेल लावायचं, असा सुविचार करून मी छापील बाजू बाहेर ठेवली आणि ठोकून मोकळा झालो. पाइपावर मात्र सवयीने छापील बाजूच वर. म्हणजे नियम अर्धा मोडला आणि अर्धा पाळला. चाचा परत येईपर्यंत मी तिन्ही तोंडं कानशीने भलत्याच बाजूला घासून ठेवली होती. तिसऱ्याची भिंत तर कागदाएवढी उरली होती.

चाचांनी आधी पाइप बघितला आणि हसले. मग पुठ्ठा बघितला आणि हसायचं थांबले.

"वाचली होती का, भाऊ?"

दिवसभर लोकांच्या सह्या तपासणाऱ्या मी ती वाचली नव्हती. त्यांच्या मुलाच्या, सलीमच्या लग्नाची पत्रिका होती ती. सलीमला काजळीतलं काम नको होतं. भांडून धुळ्याला नोकरीला गेला होता. पत्रिकेत खाली निमंत्रक म्हणून चाचांचंच नाव होतं, आणि माझं तिसरं भोक बरोबर त्यातून गेलं होतं.

"बोलावणारा मीच, आणि मलाच पोस्टाने पाठवली," चाचा म्हणाले. "घरच्या माणसाला पत्रिका हातात देतात. धुळ्याहून इथवर यायला त्याला एसटी मिळाली नाही." त्या लग्नालाही ते गेले नव्हते. तीन वर्षं झाली होती.

पुढचे आठ दिवस ते माझी घाण निस्तरत होते. वेल्डिंगने भरायचं, पुन्हा घासायचं. पुठ्ठा तोच वापरला, या खेपेला सुलटा. शेवटच्या दिवशी चष्मा पुसत म्हणाले, "आवाज नीट निघाला तर हिच्यातून धुळ्याला जाऊ. सलीम या दुकानात वाढला. माझा हात तो आवाजावरून ओळखतो. ऐकून बाहेर आला, तर मी उतरेन."

रविवारी निघालो. चाचांनी दाढीला मेंदी लावली होती, अत्तर लावलं होतं, आणि बाथटबमध्ये गुडघे छातीशी घेऊन बसले होते. एरंडोलपर्यंत इंजिन नुसतं गात होतं. पारोळ्याच्या पुढे तिसऱ्या फाट्यातून फुसफुस सुरू झाली. मी मोठमोठ्याने बोलायला लागलो. ज्यांच्यापासून आवाज लपवायचा ते चाचा!

सलीमच्या गल्लीत मी तीनदा रेस केली. चाचांनी दार उघडून एक पाय बाहेर जमिनीवर ठेवला. ओढणी सावरत सून दारात आली. "ते घरात नाहीत. या ना, आत या."

"नाही बेटी," चाचांनी पाय आत घेतला. "गाडीची ट्रायल होती."

परतताना पारोळ्यापर्यंत चाचा मान तिरकी करून ऐकत होते. मग म्हणाले, "तिसऱ्यातून हवा जाते. असता घरात, तरी ओळखलं नसतं."

त्याच हिवाळ्यात चाचा गेले. सलीम दुकान रिकामं करायला आला आहे असं कळलं, म्हणून माझ्याकडेच राहिलेली ती भोकांची पत्रिका खिशात घालून मी गाडी घेऊन गेलो. तो रस्त्याकडे पाठ करून पत्रिकांचे गठ्ठे बांधत होता. मान न वळवता म्हणाला, "ही गाडी आमच्या गल्लीत आली होती."

"तुम्ही घरात नव्हता ना?"

"होतो. बायकोला नाही म्हणायला मीच सांगितलं. हात अब्बांचा, लगेच कळलं. तिसरं कोणीतरी बिघडवलंय."

"मी," मी म्हणालो. "मग बाहेर का नाही आलात?"

"ते उतरतील म्हणून दाराआड उभा होतो." दोरीची गाठ त्याने दोनदा सोडली, दोनदा मारली. "उतरले नव्हते ना?"

"एक पाय खाली ठेवला होता," मी म्हणालो.

तेव्हा कुठे त्याने मागे वळून गाडीकडे बघितलं.