आत्याची नोकरी आणि दादांची परेड

आत्या गेली आणि मी तीन दिवस नुसती झोपले.

खरं तेच लिहितेय. शेवटची चार वर्षं तिची अंघोळ, औषधं, डायपर, सगळं मीच केलं. माझं वयही सदुसष्ट आहे. गुडघे कधीच गेलेत.

भेटायला येणारे म्हणतात, "सुटल्या बिचाऱ्या."
ती सुटली की मी, ते कोणी स्पष्ट सांगत नाही.

आज तेरावं झालं. पाहुणे गेले. भांडी तशीच पडलीयत. म्हटलं, आधी हे लिहावं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. अठ्ठ्याण्णव वर्षं जगली. पंधराव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी विधवा. तेव्हा सयाजीराव महाराज गादीवर होते, अगदी शेवटची वर्षं.

सासर साताऱ्याकडे. नवरा गेल्यावर ती बडोद्याला माहेरी आली होती. सासरहून निरोप आला, दिवाळी झाली की दीर न्यायला येतील. घरात कामाला बाईमाणूस कमी पडतं म्हणे.

म्हणजे जन्मभर त्यांची चूल फुंकायची.

आत्याला जायचं नव्हतं. सातवी पास होती. मुलींच्या शाळांना शिकवायला बायका हव्या होत्या. तिने कोणाला न विचारता अर्ज केला आणि इंटरव्यूचं बोलावणं आलं.

तयारी करून घ्यायला घरात होते फक्त दादा, माझे आजोबा. सरकारी घोडदळातले रिटायर दफेदार. शाळेची पायरी कधी चढले नव्हते. पण साहेबांपुढे उभं कसं राहायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

रोज सकाळी आत्या अंगणात सावधान उभी. दादा खाटेवर.

"साहेबाच्या डोळ्यांत बघायचं नाही. कपाळाकडे बघायचं."

"बस म्हटलं तरी बसायचं नाही."

"येत नसेल तर येत नाही म्हणायचं. पण पुटपुटायचं नाही. दणकून सांगायचं."

आता मास्तरणीला प्रश्न काय विचारतात, हे त्यांना कुठून माहीत असणार? मग घोड्यांचेच विचारायचे. नालेला खिळे किती? दमून आलेल्या घोड्याला लगेच पाणी पाजावं का? महिन्याभरात आत्याला अख्खा तबेला पाठ झाला.

आमच्या पुतण्याने परवा इंटरव्यूसाठी ऑनलाइन कोर्स लावलाय. बॉडी लँग्वेज शिकवतात म्हणे. त्याला दादांची परेड सांगायचं त्राणच नव्हतं.

तर, इंटरव्यू.

टेबलामागे तीन साहेब. मधले गुजराती, वयस्कर, स्वभावाने मऊ.

"बेसो, बेन."
आत्या उभीच.

"अरे, बेसो ने."
उभीच. नजर त्यांच्या कपाळावर.

जरा वेळाने त्यांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. मग परत पुसलं. मग शेजारच्या साहेबांना हळूच विचारलं, काही लागलंय का?

राज्याचे प्रांत विचारले, ते आले. नद्या आल्या. मग विचारलं, समुद्राला भरती का येते?

"खबर नथी, सरकार!"

दारावरचा पट्टेवाला आत डोकावला.

ग्रहण कसं लागतं?

"खबर नथी, सरकार." तितक्याच दणक्यात.

आत्या सांगायची, आवाज खणखणीत होता. पण डोळ्यांपुढे साताऱ्याचं स्वयंपाकघर दिसायला लागलं होतं. दादांचं ऐकून आपण स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, असं तिला वाटलं.

मधल्या साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "बेन, वर्गात एखादी छोकरी हेच विचारेल. मग?"

"माहीत नाही म्हणेन. घरी जाऊन शोधेन, दुसऱ्या दिवशी सांगेन."

"आणि तेही एवढ्या मोठ्याने?"

"हो सरकार. मागे बसलेल्या मुलीलाही कळलं पाहिजे की बाईंना सगळं येत नसतं."

साहेब शेजाऱ्याला म्हणाले, "सकाळपासून सगळे ठोकून देतायत. ही पहिली, खरं बोलणारी."

आठ दिवसांत हुकूम हातात. नवसारीकडच्या एका गावात मुलींची शाळा.

दिवाळी झाली, दीर आले. टांगा दारात तसाच उभा ठेवून आत आले. "वहिनींना आवरायला सांगा. गाडीची वेळ झालीय."

दादांनी त्यांना पाट दिला. चहा दिला. मग शांतपणे म्हणाले, "ती आता सरकारी नोकर आहे. न्यायची असेल तर महाराजांच्या नावे अर्ज करा. मंजूर झाला की मी स्वतः स्टेशनवर आणून सोडतो."

दीर अर्धा चहा टाकून उठले.
अर्ज काही कोणी केला नाही.

त्यानंतर आत्या जन्मभर स्वतःच्या मर्जीने जगली. म्हातारपणी तर फारच. मी खंडेराव मार्केटातून पपई निवडून आणायची आणि ही म्हणायची, "कच्ची आहे." पेज केली की, "मीठ कुठाय?"

लोक विचारतात, कंटाळा नाही का आला?
आला. रोज आला. कधी कधी तिच्यावर ओरडलेसुद्धा, त्याचं आता वाईट वाटतंय.

पण तिला न्यायला कोणी आलं असतं, तर मीसुद्धा दारात आडवी उभी राहिले असते.

आलं ते न विचारता आलं. मी आत पेज ढवळत होते.

सगळे भावपूर्ण श्रद्धांजली लिहितायत. लिहा, तिला आवडेल. आमच्या बडोद्यात निघणाऱ्याला 'परत या' म्हणतात, मला एवढंच म्हणायचंय.

आत्या, आवजो.