भिजत घातलेली अळंबी

वाळलेली अळंबी कोमट पाण्यात टाकली, तेव्हा ती जुन्या चपलेच्या तुकड्यांसारखी दिसत होती. माझा चहा पिऊन होईपर्यंत तिच्या सुरकुत्या सुटल्या, कडा मऊ झाल्या आणि पाण्याला ओल्या रानाचा वास आला. मला हे बघत बसायला फार आवडतं. ताजी भाजी धुतली, चिरली की झालं. सुकलेल्या जिनसाची मात्र वाट पाहावी लागते.

माणसांचंही तसंच असावं. श्रावण लागल्यापासून आमच्या सासूबाई अशाच सुकून बसल्या होत्या. मटणावर त्यांचा भारी जीव, पण श्रावण पाळायचा म्हणजे पाळायचा! वरणभात पुढे आला की नुसतं ‘हं’ म्हणायच्या.

अळंबीचं पाणी गाळून मी रश्श्यात ओतलं, भाजक्या खोबऱ्याचं वाटण घातलं. रस्सा उकळला तशा सासूबाई उठून थेट ओट्यापाशी आल्या.

“अगं, श्रावणात हे काय शिजवतेस?”

“अळंबी आहे, आई.”

त्यांनी पातेल्यात वाकून पाहिलं. विश्वास काही बसला नाही, तरी पाट मात्र लगेच घेतला. जेवता जेवता त्या बोलायला लागल्या. माहेरचं रान, बहिणींबरोबर अळंबी शोधणं, कुणाच्या टोपलीत जास्त यावरून झालेली भांडणं. किती दिवसांनी त्या खळखळून हसल्या!

दोनदा रस्सा मागून घेतला. भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने वाटी लख्ख पुसली. मग हळूच म्हणाल्या, “मटण नव्हतं ना गं ते?”