दातमेस्त्रीची म्हातारी

आमच्या दातमेस्त्रीच्या तोंडात पुढचा एकसुद्धा दात न्हवता. वरचा न्हाई, खालचा न्हाई. आणि त्येच्या मशीनला बघाल तर दातच दात. "मेस्त्री, पुढचे कुठं गेले?" म्हणून कुणी विचारलं की सुप्याच्या धरणाच्या दिशेनं हात करायचा. धरणाच्या कामावर असताना इंजिनाचं हँडल उलटं फिरून थोबाडावर बसलेलं. "तुमचं गाव पाण्याखाली गेलं की न्हाई? तिथंच हायत माझे पण," म्हणायचा. बायका पदर तोंडात घालून हसायच्या. आता वस्तीवर हसवायचं काम माझं व्हतं. मी त्येच्या आधीपासनं स्वतःवर विनोद करत आलेलो, आणि माझ्या बायकोनं कधी पदर सोडा, तोंडसुद्धा हलवलं न्हवतं. तवापासनं माझं पोट दुखायला लागलं ते लागलंच.

मी शाळा बघितली ती बाहेरनंच, गुरं त्या बाजूला चरायला जायची म्हणून. पण बुडख्याचं मला कळायचं. धरणात गाव गेल्यावर आमाला रामनगरकडं जमीन मिळाली. जमीन म्हंजे काल-परवापर्यंतचं रान. झाडं तोडून लाकूड लॉरीत गेलं, आमच्या वाट्याला बुडखे राहिले. मत्तीचे, किंदळीचे, आणि जांभ्याचे. जांभ्याचा बुडखा म्हंजे जमिनीत पुरलेली ऐरण. बुडखा निघाल्याबिगर नांगर फिरत न्हाई, नांगर फिरल्याबिगर भात न्हाई. म्हणून पहार, कुऱ्हाड आणि बैल घेऊन बुडखे काढणारा जो कोण असंल तो राजा. तो मी व्हतो. ज्येच्या शेतात बुडखा त्येच्या ओट्यावर गेलो की आतनं आवाज यायचा, "धाकू, बस की!" पुढ्यात भाकरी यायची, सुकटीचं कालवण यायचं. भाकरी घरात पण व्हती वं. "बस की" न्हवतं.

आणि एक दिवस दांडेलीच्या बाजूनं लॉरी आली. लॉरीवर हे मशीन, आणि मशीनवर मेस्त्री, नवरदेवासारखा. धरणाचं काम आटपल्यावर एक लहान बुलडोझर भंगारात निघालेला, त्येचे साखळीपट्टे खाली. त्येच्यावर जुन्या लॉरीचं डिझेल इंजिन. आणि पुढं लांब लोखंडी हातावर उभं फिरणारं जाड चाक, त्येच्या कडेला लॉरीच्या कमानपाट्याचे तुकडे घासून केलेले दात. हे सगळं त्येनं स्वतः जोडलेलं. उतरताना ते मशीन असं कण्हत, कुरकुरत, बेतानं उतरलं की बायकांनी तिथंच त्येचं नाव "म्हातारी" ठेवलं. मेस्त्रीचं नाव मात्र मी ठेवलं. त्येला चिडवायला म्हणून "दातमेस्त्री" म्हणालो, तर ते त्येला एवढं आवडलं की ज्येला त्येला तेच नाव घ्यायला लावायचा. माझी शिवीसुद्धा त्येच्या अंगाला दागिना होऊन बसायची. काय करायचं?

त्येची एक सवय सांगतो. बुडख्यावर मशीन घालायच्या आधी तो बुडख्याम्होरं विडा ठेवायचा, हात जोडून काहीतरी पुटपुटायचा, मग हातोडीनं दोन-चार जागी ठोकून कान लावायचा. रानाला सांगून घ्यायची ही आमची रीत. माझा बाप करायचा. मी कामाच्या गडबडीत विसरलेलो, आणि हा कुठला कोण आमच्याच देवाला आमच्यादेखत गाऱ्हाणं घालतोय! आमचा गावडामामा, वस्तीचा म्होरक्या, त्येच्या तर डोळ्यांत पाणी. "बघ धाकू, बघ," म्हणला. मी बघितलं. मग दुसऱ्या दिवशी मीपण विडा ठेवला, ठोकलं, कान लावला. आतनं मुंगळा निघाला आणि माझ्या कानाला असा डसला की मी कान धरून ओढ्यापर्यंत पळालो. मेस्त्री मूळचा कानडी, मला तम्मा म्हंजे धाकटा भाऊ म्हणायचा. म्हणला, "तम्मा, आत कोण हाय का म्हणून ऐकायचं असतंय. घरात शिरायचं नसतंय." परत बायकांचा पदर तोंडात.

(त्येचं बोलणं मी तुमाला नीट करून सांगतोय. खरं म्हंजे त आणि द त्येच्या तोंडातनं वाऱ्यासारखे निसटायचे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, म्होरं लागणार हाय.)

त्येचं एक वाक्य अजून माझ्या डोक्यात बसलंय: "बुडखा खायचा न्हाई तम्मा, चाटायचा." चाक बुडख्यावर दाबायचं न्हाई. वरच्या वर टेकवायचं आणि डावीकडनं उजवीकडं, उजवीकडनं डावीकडं, अंगण सारवल्यासारखं फिरवायचं. पातळ पातळ भुसा निघत जायचा आणि केवढा तो बुडखा जमिनीत विरघळल्यासारखा खाली जायचा. माझा आठवडा जायचा त्या कामाला म्हातारीला दुपार पुरायची. लोक कडेला उकिडवे बसून बघायचे. माझे बैलसुद्धा रवंथ थांबवून बघायचे. बैलांचं तर मला लई लागलं.

म्हणून मी पण मशीन केलं. खानापूरला माझ्या मेव्हण्याचा जुना ट्रॅक्टर धूळ खात पडलेला, तो गोड बोलून आणला. लाकडाच्या मिलमधनं मोडकं करवतीचं चाक आणलं. त्येला पोलादाचे दात चिकटवून घेतले, वेल्डिंग करून, एकदाच कायमचे. मेस्त्रीनं त्येच्या मशीनचे दात बोल्टनं बसवलेले. मला त्येचं हसू आलं. "रोज सकाळी पाना घेऊन आवळत बसता, मेस्त्री. माझे बघा, मेले तरी हलणार न्हाईत." तो म्हणला, "पडलं तर बदलता यायला पायजे की रे. माणसाचं जमत न्हाई, मशीनचं तरी जमू दे." मग माझ्या टायरांकडं बघून म्हणला, "टायर म्हंजे एका बोटावर उभं राहणं. पट्टा म्हंजे आडवं झोपणं. आडवा झोपलेला माणूस चिखलात कधी रुतलाय?"

"म्हैस झोपली की रुतती," मी म्हणलं.

"म्हैस रुतायलाच झोपती," तो म्हणला. आणि माझ्या मशीनभोवती सगळीकडनं फिरून बघितलं. "बेश केलंस. आवाज चांगला हाय."

मी त्येचं नाव "वाघ" ठेवलं.

गावडामामा म्हणला, पाऊस लागायच्या आत सगळे बुडखे निघायला पायजेत. कुणाचं मशीन चांगलं ते एकदा बघूया, मग पुरा माळ त्येच्याकडं. गावडामामाच्या ओढ्याकाठच्या शेतात किंदळीचे दोन बुडखे शेजारीशेजारी, जुळ्या भावांसारखे. एक म्हातारीला, एक वाघाला. मी अंघोळ करून, गंध लावून आलेलो. बायकोला सांगून ठेवलेलं, "पारू, आज बघायला ये." वाघानं डरकाळी फोडली, सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. मी चाक बुडख्यावर दाबलं. वाघानं एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि मग दात गुळगुळीत होऊन चाक नुसतंच बुडख्यावर भाकरीसारखं फिरायला लागलं. मी आणखी रेटलं. तवर मागची टायरं ओढ्याच्या चिखलात बसत बसत पार पोटापर्यंत गेलेली. मी वर बसून अजून रेटतोय आणि माझ्या लक्षात येतंय की मी हळूहळू लोकांपेक्षा ठेंगणा व्हायला लागलोय. शेजारी म्हातारी आपला बुडखा चाटून मोकळी. मग तीच आली कुरकुरत, वाघाच्या गळ्यात साखळी घातली आणि वासराला ओढावं तसं बाहेर काढलं. पारू म्हणली, "बाई, म्हातारीच्या अंगात केवढं बळ!" मला बघायला बोलावलेली ती.

त्या सांजेला मेस्त्री गावडामामाच्या ओट्यावर बसलेला. त्येला आतनं आवाज आला, "मेस्त्री, बसा की!" मी रस्त्यानं जाताना ऐकला. पुढं जाणार तवर मेस्त्रीनंच हाक मारली. गावडामामाला म्हणला, "मला हा धाकू पायजे. वरचं मला दिसतंय. खाली मुळ्या कुठनं कुठं गेल्यात ते ह्येला दिसतंय. ह्यो हँडलांशी बसला तर काम निम्म्यात होईल." मला वाटलं चेष्टा करतोय. पण न्हवता करत. माणसानं आपल्याला हरवावं आणि वर आपलं कौतुक करावं, ह्येच्यासारखा दुसरा छळ न्हाई. मी हो म्हणलो, आणि म्हातारीवर चढून बसलो, जळायला आता अंतर पण राहिलं न्हाई.

मग माझ्याच शेतातल्या जांभ्याची पाळी आली. पारू चहा घेऊन आलेली, मेस्त्रीच्या चहात गूळ जास्त, हे मी रंगावरनं ओळखलं. मी वर हँडलांशी, मेस्त्री खाली चाकाकडं डोळे लावून उभा. काम रंगात आलं, आणि एकाएकी तो हात वर करून ओरडायला लागला, "हळू! हळू!"

आता तुमीच सांगा. माझं शेत, माझा बुडखा, माझी बायको बघतीय, आणि हा मला लहान पोरासारखं हळू म्हणतोय? हळू? मी इंजिनाचा कान पिळला. तो आणखी ओरडला, "हळू!" मी आणखी पिळला. खाड् करून आवाज झाला, आणि चाकाचा एक दात सुटून सगळ्यांच्या डोक्यांवरनं सूं करत गेला तो बांधावरच्या फणसाच्या झाडात. एक थोराड फणस दणकन खाली आला आणि फुटला. मी इंजिन बंद केलं. सगळी जमिनीला चिकटलेली. पारूच्या हातातला चहा पारूच्याच पायावर.

मेस्त्री उठला, फणसापाशी गेला, गऱ्यात रुतलेला दात उपसून काढला आणि एक गरा चाखून बघितला. म्हणला, "पिकला न्हवता रे अजून."

"तुमी हळू म्हणालासा!" मी ओरडलो.

"हळू कुठं? हल्लू म्हणालो, हल्लू!"

हल्लू म्हंजे कानडीत दात. दात ढिला झालाय म्हणून तो सांगत व्हता. कानडी मला मराठीएवढंच येतं वं. बाजार कानडीतच करतो. पण जळणाऱ्या माणसाला कुठलीच भाषा येत न्हाई.

"मग सरळ दात म्हणायचं की!" मी म्हणलं.

त्येनं माझ्याकडं बघितलं. मग तोंड उघडून म्हणला, "फाफ." परत एकदा जोर लावून, "फाफ." आणि तोंडावर हात ठेवला.

दात म्हणायला दात लागतात, हे मला तवा कळलं. मी ठेवलेलं नाव तो सगळीकडं मिरवायचा खरा, पण लोकांच्या तोंडनंच. आपल्या तोंडानं त्येला ते घेता यायचं न्हाई. पहिल्यांदा त्येच्याकडं नसलेली आणि माझ्याकडं असलेली एक गोष्ट सापडली, आणि तिचा मला काही आनंद झाला न्हाई. त्येवढ्यात मागनं गावडामामा म्हणला, "काय रे हळूबा, उठ की आता!" झालं. वस्तीवर माझं नाव हळूबा पडलं. कुंभारवाड्याच्या बाजूला काम करायला गेलो तर आमच्या आधी माझं नाव तिथं पोचलेलं.

त्येच्यानंतर रोज सकाळी तो पाना माझ्या हातात द्यायचा, "हल्लू बघ," म्हणायचा, आणि मी बघायचो. एक एक बोल्ट. माळावर भात हललं, मग खालच्या शेतात, मग वरच्या. माणसं दोघांना मिळून बोलवायची. पण "बसा की" आधी त्येला, "बस की" मागनं मला, हे माझ्या कानातनं कधी सुटलं न्हाई.

मग त्येची लेक आली धारवाडहून. बाबा म्हातारे झाले, घेऊन जाते म्हणली. जायच्या आधी बेळगावात नेऊन तिनं त्येला कवळी बसवून आणली. निरोप घ्यायला आला तर मी ओळखलंच न्हाई. पांढरेशुभ्र दात, एका ओळीत, माझे तंबाखूनं पिवळे झालेले. त्या दातांवर पण मी जळलो, खोटं कशाला सांगू? आणि बोलणं एकदम साफ. "दात," म्हणायचा. "दात. दांडेली. धाकू." नवं खेळणं मिळाल्यासारखं. "बघ तम्मा, माणसाचं पण जमतंय की बदलायला." पाना माझ्या हातात दिला, आणि पान्याबरोबर म्हातारी पण. म्हातारी फणसाखाली उभी व्हती, तिच्या पट्ट्यावर हात फिरवला. गावडामामा सगळ्यांदेखत म्हणला, "आजपासनं बुडखा म्हणलं की धाकू." आणि आपल्या ओट्यावर जागा करून म्हणला, "धाकू, बस की." एकट्याला. मागंपुढं कुणी न्हाई. मी बसलो. पारूनं चहा आणला. गूळ जास्त व्हता. आणि गंमत बघा, जळायला कोण न्हवतं तर त्या गुळाला चवच लागंना.

बस यायला वेळ असतो आमच्याकडं, जायला नसतो. मेस्त्री चढला, खिडकीशी बसला. नव्या दातांनी हसला, पण ते हसू मला परक्याचं वाटलं. मी पाना हातात धरून खाली उभा. बस हलली. तवर त्येनं काय केलं, तोंडात बोटं घालून कवळी काढली, खिशात टाकली. तोंड आत गेलं, आमचा मेस्त्री परत आला. खिडकीतनं अर्धा बाहेर येऊन माझ्याकडं बोट करून ओरडला, "हल्लू! हल्लू!"

डायव्हर कारवारकडचा, कोकणी बोलणारा असावा. त्येनं "हळू" ऐकलं आणि करकचून ब्रेक मारला. सगळी माणसं एकमेकांवर पडली, कंडक्टर शिव्या द्यायला लागला, कोंबड्या फडफडल्या, आणि मेस्त्री खिडकीत बिनदाताचा खदखदून हसतोय.

तोच शब्द ऐकून मी इंजिन पिळलेलं. ह्येनं थांबवलं. ह्येच्यामुळं मेस्त्री माझ्यासमोर आणखी जरासा थांबला.

आयुष्यात मी लई जणांवर जळलो, पण त्या डायव्हरवर जळलो तेवढा कुणावर न्हाई.